साताऱ्याच्या आजीच्या ट्रंकेत वैमानिकाचं लॉगबुक सापडलंय. ते कसं वाचायचं आणि जपायचं?

तुम्ही लिहिलंय, की आजीने युद्धाच्या काळात विमान चालवायचं शिक्षण घेतलं असं घरात सांगतात, साताऱ्याच्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत तिचं लॉगबुक निघालं, आणि वर्षश्राद्धाला तिच्यावर चार पानं लिहून नातेवाइकांना द्यायची आहेत. मग आधी ते लॉगबुक, म्हणजे वैमानिकाची उड्डाणांची नोंदवही, ओळ न् ओळ वाचा.

पान उघडलं की वैमानिकांच्या नावांचे दोन रकाने बघा. शिकवणी चालू असते तोवर पहिल्यात प्रशिक्षकाचं नाव असतं आणि दुसऱ्यात ‘सेल्फ’, म्हणजे आजी. मग एका ओळीत हे ‘सेल्फ’ पहिल्या रकान्यात सरकतं आणि शेजारी बहुधा ‘सोलो’ येतं. तीच तिची पहिली एकटीची भरारी. वेळ जेमतेम दहा-पंधरा मिनिटं असते, त्यामुळे घाईत पान उलटलं तर ही ओळ निसटते. टायगर मॉथ या त्या काळच्या शिकाऊ विमानावर साधारण ८ ते १२ तास शिकल्यावर ही पाळी येई.

‘ड्यूटी’ या रकान्याखाली नुसते आकडे असतील तर ते ब्रिटिश हवाई दलाच्या पद्धतीतले धड्यांचे क्रमांक असू शकतात. ४ म्हणजे सरळ, एका पातळीत उडणं; ६ मध्यम वळणं; ७ वाऱ्याच्या तोंडावर उड्डाण; ९ इंजिनाचा जोर न लावता तरंगत उतरणं; १० गिरक्या खात पडणारं विमान सावरणं; ११ पहिला सोलो. ९ सारखा सारखा आला असेल, तर उतरणं जमेपर्यंत तिने चिकाटी सोडली नाही असं खुशाल लिहा. ते तिच्याच हातचं आहे.

तासांची बेरीज करताना हमखास चूक होते. १.१० म्हणजे एक तास दहा मिनिटं. टिंबापुढचा आकडा दशांश नसतो. १.१० आणि ०.५५ मिळून २.०५ होतात, १.६५ नाही. रात्रीचे तास लाल शाईत लिहायची पद्धत होती, म्हणून स्कॅन रंगीतच करा.

विमानाचा क्रमांक ‘व्हीटी’ने सुरू होत असेल तर ते हिंदुस्थानातलं नागरी विमान, बहुधा फ्लाइंग क्लबचं. दोन अक्षरं आणि तीन आकडे असतील तर लष्करी. पण तेवढ्यावरून ‘आजी हवाई दलात वैमानिक होती’ असं लिहू नका. भारतीय हवाई दलात स्त्री वैमानिक आल्या त्या १९९४ मध्ये. १९४२ मध्ये निघालेल्या विमेन्स ऑक्झिलरी कोअर या लष्कराच्या साहाय्यक महिला दलातल्या बायका टेलिफोन, सांकेतिक संदेश, कचेरी अशी जमिनीवरची कामं करत. आजी तेव्हा इंग्लंडमध्ये असेल आणि रोज वेगळं विमान, रोज वेगळा तळ अशा नोंदी असतील, तर एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलरीचा विचार करा. तिथे १९४० पासून बायका विमानं कारखान्यातून तळावर पोचवत, पुढे स्पिटफायर ही लढाऊ विमानंसुद्धा. त्यांच्या कर्मचाऱ्यांच्या फायली लंडनच्या आरएएफ म्युझियममध्ये आहेत. आणि ‘आजी लढाईत कराडहून उडायची’ असं कुणी सांगितलं तर ते गाळा. कराडची धावपट्टी कोयना धरणाच्या वेळची, युद्धानंतरची.

शोध अडतो तो नावापाशी. लॉगबुकवर माहेरचं नाव असणार, आणि लग्नात आपल्याकडे पहिलं नावही बदलायचे. शाळा सोडल्याचा दाखला आणि लग्नपत्रिका काढा, इंग्रजी स्पेलिंगच्या तीन-चार तऱ्हा करून ठेवा. दाखल्यावर १ जून असेल तर ती जन्मतारीख खरी धरू नका. मास्तर सर्रास तीच घालत.

आता जपणूक. लॅमिनेशन नको, सेलोटेप तर मुळीच नको. त्याचा डिंक पिवळा पडून कागदात उतरतो. स्टेपलरच्या गंजलेल्या पिना ओढू नका, त्यांचे पाय हळूच सरळ करून काढा. दमट पानं उन्हात टाकली की शाई उडते आणि कागद कडक होतो. पानांत टीपकागद घालून पंख्याखाली, सावलीत सुकवा. डांबरगोळ्या वहीला टेकवू नका. आम्लविरहित कागदात गुंडाळून, धुतलेल्या बिनरंगी मलमलीत बांधून आतल्या खोलीच्या कपाटात ठेवा. माळ्यावर परत नको, तिथे कसर लागते. पावसाळ्याआधी आणि नंतर एकदा उघडून पाहा. कागद ३०० डीपीआयला, फोटो ६०० ला स्कॅन करा.

चार पानांत पहिलं चित्र त्या सोलोच्या ओळीचंच घ्या, आणि खाली तारीख, विमानाचा क्रमांक, मिनिटं आणि आजीचं माहेरचं पूर्ण नाव द्या.