रोमन दागिन्यांवर लिंगाकृती, डोळे, मेदुसाचं डोकं का असायचं?

तुम्ही विचारलंय की संग्रहालयांतल्या रोमन अंगठ्यांवर आणि लोलकांवर अशी चिन्हं दिसतात, ती लोक उघडपणे कशी घालायचे? दृष्ट लागू नये म्हणून घालायचे.

लिंगाकृतीचा इथे शृंगाराशी संबंध जोडला की सगळंच बिनसतं. ही आकृती असलेल्या सोन्याच्या अंगठ्या सापडल्या आहेत, त्यांतल्या काही इतक्या लहान की फक्त तान्ह्या बाळाच्या बोटात बसतील. मुलांना बाधा होऊ नये म्हणून ती त्यांच्या गळ्यात बांधतात, असं वारो या रोमन विद्वानाने नोंदवलंय. प्लिनी हा रोमन लेखक सांगतो की ती बाळांना राखते आणि सेनापतींनाही; विजययात्रेत ती सेनापतीच्या रथाखाली टांगलेली असे. बाळ आणि सेनापती शेजारी शेजारी! पण विचार केला तर पटतं. सगळ्यांचे डोळे या दोघांवरच खिळलेले असतात, आणि कौतुक असो वा हेवा, दृष्ट तिथेच लागते. प्लुटार्क या ग्रीक लेखकाने तर यामागची युक्तीही दिली आहे: वस्तू विचित्र असली की वाईट नजर तिच्याकडे ओढली जाते आणि माणूस वाचतो. गोजिऱ्या बाळाच्या गालावर तीट लावताना आपल्या आज्या हेच तर करतात.

मेदुसा, म्हणजे जिच्याकडे पाहणारा दगड होतो अशी ग्रीक पुराणकथेतली राक्षसी, नजरेला नजरेनेच उत्तर देते. डोळ्याच्या ताइतांवर मात्र बहुधा तो वाईट डोळाच दाखवलेला असतो, चहूबाजूंनी घेरलेला. अंताकिया (आजच्या तुर्कस्तानातलं प्राचीन शहर) इथल्या एका घरातल्या प्रसिद्ध मोझेकमध्ये त्याच्यावर विंचू, साप, कुत्रा, त्रिशूळ, तलवार असे सगळे एकदम तुटून पडलेत.

स्वतंत्र नागरिकांच्या मुलांच्या गळ्यात ‘बुल्ला’ नावाची पोकळ डबी असे, श्रीमंताघरी सोन्याची, गरिबाघरी चामड्याची. मोठं झाल्यावर ती घरच्या देवांना वाहायची. मुली चंद्रकोर घालत.

मला स्वतःला सगळ्यात मोलाचा वाटतो तो ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई या रोमन शहरात सापडलेला, 2019 मध्ये जाहीर झालेला ऐवज. लाकडी पेटी कुजून गेली, पण आतल्या वस्तू टिकल्या: अंबर, काचेचे मणी, आणि इजिप्शियन भुंगेरा, मूठ, कवटी, लिंग यांच्या छोट्या आकृती. त्यात सोनं अजिबात नाही, म्हणून ती घरातल्या एखाद्या दासीची असावी असा उत्खनन करणाऱ्यांचा अंदाज आहे. मलाही तो बरोबर वाटतो. मालकिणीने एवढी साधी चिन्हं इतकी जपून एकत्र ठेवली नसती.