जोड सुटतो तो टोकाकडून

प्रश्न : वाळूजला माझं गाड्यांच्या बॉडी बिल्डिंगचं वर्कशॉप आहे. लोखंडी फ्रेमवर ॲल्युमिनियमचा पत्रा इपॉक्सीने चिकटवतो. उन्हाळ्यात कडा सुटतात. चिकटवायची पट्टी 25 मिमीची 50 केली, तरी तेच.

पट्टी रुंद करून फारसं हाती लागणार नाही. भार सगळ्या चिकटवणीवर सारखा पडत नाही. तो दोन्ही टोकांच्या काही मिलिमीटरांत एकवटतो आणि मधला भाग जवळपास मोकळाच राहतो. फोल्करसेन यांनी 1938 मध्ये हे गणिताने मांडलं. गोलांड आणि राइसनर यांनी 1944 मध्ये पुढचं दाखवलं : एकावर एक ठेवलेले पत्रे एका रेषेत नसल्यामुळे ओढताना वाकतात आणि टोकाशी सोलले जातात. इपॉक्सी घसरणीचा ताण बऱ्यापैकी सोसतं, सोलणं सोसत नाही.

त्यात आपलं ऊन. ॲल्युमिनियम मीटरमागे दर अंशाला सुमारे 0.023 मिमी वाढतं, लोखंड 0.012. जानेवारीत 15 अंशांना चिकटवलेला पत्रा मे महिन्यात 60 अंशांपर्यंत तापला, तर एका मीटरला दोघांच्या वाढीत अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडतो. इपॉक्सीचा पातळ, कडक थर तो कुठे जिरवणार? चिकटवायला लवचीक पॉलियुरेथेन घ्या आणि थर दोन-तीन मिमी जाड ठेवा. पत्र्याची कड तासून निमुळती करा.

पण त्याआधी सुटलेली कड उलटून बघा, हे मी आग्रहाने सांगतो. दोन्ही बाजूंना इपॉक्सी दिसत असेल तर वरचा हिशेब लागू. एका बाजूला चकचकीत कोरा धातू असेल, तर दोष तयारीचा आहे : ॲसिटोनने पुसणं, पॉलिश पेपर मारणं, पुन्हा पुसणं यात कसूर झाली आहे.

प्रश्न : नांदेडला मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टमध्ये कंपोझिटच्या (धागे आणि रेझिनच्या थरांच्या पदार्थाच्या) दोन थरांमधली भेग घेतली आहे. सॉफ्टवेअरमधली मेश, म्हणजे हिशेबासाठी पाडलेली जाळी, जितकी बारीक करावी तितका टोकाचा ताण वाढतो. कोणता आकडा खरा?

एकही नाही. भेगेच्या टोकाशी लवचीकतेच्या गणितात ताण अनंताकडेच जातो, त्यामुळे तुमचं सॉफ्टवेअर चुकत नाही. दोन वेगळे पदार्थ जिथे भेटतात तिथे तर, विल्यम्स यांनी 1959 मध्ये दाखवल्याप्रमाणे, टोकाजवळ ताणाचं चिन्हही उलटसुलट होत राहतं. म्हणून ताण सोडा, ऊर्जा धरा. ग्रिफिथ यांनी 1921 मध्ये काचेसाठी हाच मार्ग घेतला होता : भेग थोडी पुढे सरकली तर किती ऊर्जा मोकळी होते, आणि नवा पृष्ठभाग उघडायला किती लागते? कार्बन-इपॉक्सीचे थर उघडायला बहुतेकदा चौरस मीटरमागे काहीशे ज्यूल पुरतात. घसरून भेग वाढायला सहसा जास्त लागतात. म्हणून ऊर्जेचे उघडण्याचा आणि घसरण्याचा असे दोन्ही भाग वेगळे काढा, बेरीज करून टाकू नका.

प्रश्न : लातूर. फायबरच्या टाकीवर दगड पडून पांढरा डाग पडला आहे. पत्र्यात करतो तसं भेगेच्या टोकाला भोक पाडू का?

नको. ही भेग थरांच्या मधे आडवी पसरलेली असते. भोकाने ती थांबत नाही, उलट धागे तुटतात. नाण्याने टकटक करा. जिथे आवाज बद्द येतो तिथपर्यंत खडूने रेघ ओढा. आतून बघितलं तर नुकसान बहुधा बाहेरच्यापेक्षा मोठं दिसेल. तेवढा भाग उतार देऊन घासा, 3 मिमी खोलीला निदान 60 मिमी उतार, आणि मॅट-रेझिनचे (काचेच्या धाग्यांची चटई रेझिनमध्ये भिजवून) थर लहानापासून मोठ्यापर्यंत चढवा.