रूल, सिलेक्टर, डिक्लरेशन: एका नवशिक्यास पत्र

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझी स्टाइलशीट, म्हणजे वेबपानाची शैली ठरवणारी सीएसएसची फाइल, पाहिली. ‘मेनूची ती ओळ चालत नाही’ एवढंच तू लिहिलंस, त्यामुळे कोणती ओळ ते शोधायला मला अख्खी फाइल चाळावी लागली. म्हणून आधी भागांची नावं पक्की कर.

महिरपी कंसाच्या आधी असतो तो सिलेक्टर. शैली कुणाला लावायची ते तो सांगतो. कंस आणि त्यांच्या आतलं सगळं मिळून डिक्लरेशन ब्लॉक. त्यातली एकेक सूचना म्हणजे डिक्लरेशन: कोलनच्या आधी प्रॉपर्टी (काय ठरवायचं, उदा. रंग), नंतर व्हॅल्यू (किती किंवा कसं, उदा. लाल). सिलेक्टर आणि ब्लॉक मिळून होतो रूल. सीएसएसची पहिली आवृत्ती डिसेंबर १९९६ मध्ये आली, तेव्हापासून रूल, सिलेक्टर, डिक्लरेशन, प्रॉपर्टी, व्हॅल्यू हे शब्द असेच चालत आले आहेत. मीडिया क्वेरीसारखं (म्हणजे पडद्याच्या रुंदीसारख्या अटीवर शैली लावणारं) ‘ॲट’च्या चिन्हाने सुरू होणारं जे काही दिसेल, ते ॲट-रूल.

हे पाठ करायला सांगत नाही. चूक झाली की ब्राउझर तक्रार न करता काहीतरी टाकून देतो, आणि नेमकं काय टाकून देतो ते याच भागांवरून ठरतं. प्रॉपर्टीचं स्पेलिंग चुकलं तर तेवढं एकच डिक्लरेशन जातं, शेजारची शाबूत राहतात. सेमीकोलन राहिला तर पुढचं डिक्लरेशन आधीच्या व्हॅल्यूत मिसळतं आणि दोन्ही जातात. स्वल्पविराम देऊन लिहिलेल्या सिलेक्टरांपैकी एक जरी अवैध निघाला, तरी अख्खा रूल रद्द होतो! हे फार जणांना ठाऊक नसतं, आणि मग ते बिचारे निर्दोष व्हॅल्यू बदलत बसतात.

ब्राउझरमधली डेव्हलपर टूल्स, म्हणजे पानाला कोणती शैली लागली ते दाखवणारी साधनं, उघडून बघ. चुकीच्या डिक्लरेशनवर काट दिसते. मात्र डिक्लरेशन बरोबर असूनही दुसऱ्या, वरचढ सिलेक्टरने त्याला मागे टाकलं असेल, तरीही काटच दिसते. उदाहरणार्थ, सिलेक्टरमध्ये क्लास (अनेक घटकांना देता येणारं नाव) कितीही जोडलेस तरी ते एका आयडीपुढे (एकाच घटकाच्या खास नावापुढे) हरतात. अवैध सिलेक्टरचा रूल तर तिथे दिसतच नाही, तेव्हा रूल गायब असेल तर आधी सिलेक्टर तपास.

तुझ्या मेनूच्या रूलमध्ये रंगाच्या डिक्लरेशननंतर सेमीकोलन नाही. तो दे, म्हणजे रंगाबरोबर त्याच्या खालचं पॅडिंगही (मजकुराभोवतीची आतली मोकळी जागा) लागू होईल.

कळावे.