हेडवरचा कार्बन कॉस्टिकने काढू का?

प्रश्न असा आहे: पॉवर वीडरचं २०० सीसीच्या आसपासचं पेट्रोल इंजिन खोललंय, हेडवर (सिलिंडरच्या झाकणावर) कार्बनचा जाड थर आहे, गॅरेजवाला म्हणतो रात्रभर कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात टाका. टाकू का? आणि व्हॉल्व (झडपा) बदलू का?

नका टाकू. हेड ॲल्युमिनियमचं आहे आणि कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं. पाण्यात बुडबुडे येतात तेव्हा मळ सुटतोय असं वाटतं. खरं तर धातू विरघळून हायड्रोजन निघत असतो. लोखंडी भागांवरची युक्ती कोणीतरी हेडवर आणली आणि गुहागरपासून मालवणपर्यंत ती अजून चालू आहे. गुहागरकडून असंच एक हेड माझ्या टेबलावर आलं होतं. वरून स्वच्छ, पण गॅस्केटचा फेस (सिलिंडर आणि हेडमधली पट्टी बसते तो सपाट भाग) काळा आणि बोटाला खरखरीत, सीटभोवतीची (व्हॉल्व टेकतो त्या कड्याभोवतीची) कड खाल्लेली. नवा प्लग आवळला तर आटेच भुग्यासारखे गळून आले. ‘पण कार्बन तर गेला ना!’ हा त्यावरचा युक्तिवाद.

व्हॉल्व काढायची घाई करू नका. ते जागेवर बंद असले की सीट झाकलेल्या राहतात. प्लगच्या भोकात जुना प्लग बसवा, हेड उलटं ठेवून खळग्यात डिझेल भरा आणि रात्रभर सोडा. डिझेल कार्बन विरघळवत नाही, त्यातला चिकट भाग मऊ करतं, तेवढं पुरतं. सकाळी डिझेल पोर्टमध्ये (व्हॉल्वमागच्या हवेच्या किंवा धुराच्या वाटेत) उतरलेलं दिसलं तर तो व्हॉल्व गळतोय, हेही कळतं. मग बांबूची कामटी पटाशीसारखी तासून खरवडा, कोपऱ्यांत पितळी ब्रश. ड्रिलला लावलेला स्टीलचा वायर कप वापरू नका, गॅस्केटच्या फेसवर पडलेल्या ओरखड्यातून कॉम्प्रेशन निसटतं. ग्राइंडरची घासणीसारखी खरखरीत चकती तर त्याहून वाईट: तिचे कण ऑइलमध्ये उतरले की बेअरिंग गेलं.

पिस्टन आतच असेल तर टीडीसीला, म्हणजे अगदी वरच्या टोकाला आणा, कडेच्या फटीत ग्रीसचं वेढं भरा, मग खरवडा. पुसून पिस्टन खाली घेतला की अडकलेला कार्बन ग्रीससकट बोअरच्या (सिलिंडरच्या आतल्या) भिंतीवर उरतो, तो फडक्याने टिपा. पिस्टनवरच्या रिंगेच्या खाचा जुन्या रिंगेच्या तुकड्याने साफ होतात, पण खाच रुंद करू नका.

हेड आरशासारखं चमकवायचा हट्ट कशाला? पुसट डाग राहिला तरी इंजिनाला फरक पडत नाही. फेस मात्र सपाट हवा. जाड काचेवर हेड ठेवून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाला, ०.१० मिमीची पट्टी कुठेही शिरली तर ४०० नंबरचा पाणी पेपर काचेवर ठेवून त्यावर हेड हळू घासा. गॅस्केट नवीच. बोल्ट आडवेतिडवे, दोन-तीन टप्प्यांत; होंडा जीएक्स २०० जातीच्या इंजिनाला २४ न्यूटन-मीटर जोराने आवळा.

कार्बन आला कुठून हे बघितलं नाहीत तर तो परत येणारच. कोरडा, काजळीसारखा असेल तर पेट्रोल जास्त जातंय, बहुतेक जांभ्याच्या लाल धुळीने फिल्टर तुंबलाय. ओला, चिकट असेल तर रिंगा किंवा गाइडमधून (व्हॉल्वचा दांडा सरकतो त्या नळीतून) ऑइल चढतंय. उतारावर इंजिन भलत्या बाजूला आडवं ठेवलं तरी ऑइल फिल्टरमध्ये आणि सिलिंडरमध्ये शिरतं.

किनाऱ्यावर राहत असाल तर धुतल्यावर हेड लगेच कोरडं करून ऑइल फिरवा, नाहीतर खाऱ्या हवेने फेसवर बुरशीसारखा पांढरा गंज येतो.

हो, व्हॉल्व. गळत नसतील, दांडा सरळ असेल तर बारीक पेस्टने लॅप करून (सीटवर घासून बसवून) तेच लावा. क्लिअरन्स (व्हॉल्वच्या दांड्याच्या टोकाशी ठेवायची फट) जीएक्स २०० जातीला, इंजिन थंड असताना, इनलेट ०.१५, एक्झॉस्ट ०.२० मिमी. हे सगळं पेट्रोल फोर-स्ट्रोकपुरतं. ग्रासकटरचं टू-स्ट्रोक असेल तर आधी एक्झॉस्ट पोर्ट बघा, कार्बन तिथे जास्त बसतो.