परदेशात राहतो; भारतातली मोठी भावंडं दत्तक घ्यायची तर आश्रमात भेट कशी द्यावी?

प्रश्न असा आहे: "आम्ही अमेरिकेत राहतो, भारतीय पासपोर्टवर आहोत. आठ-दहा वर्षांची भावंडं दत्तक घ्यायचा विचार आहे. डिसेंबरात महाराष्ट्रात येतोय, तेव्हा एक-दोन अनाथाश्रमांत जाऊन मुलं बघून येता येईल का? भेटीत काय करावं?"

मुलं बघून येता येणार नाही, आणि तसा नियम आहे हे बरंच आहे. ओळखीतून कुणी "या हो, आमच्याकडे आहेत दोन" म्हणालं तरी जाऊ नका. २०१५ च्या बालन्याय कायद्यात ठरलेली प्रक्रिया डावलून मूल देणं-घेणं हा गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

तुमची सुरुवात अमेरिकेतच होते. तिथली 'कारा'मान्य ('कारा' म्हणजे दत्तकाचं काम बघणारी भारत सरकारची संस्था) दत्तक एजन्सी तुमची होम स्टडी, म्हणजे घर-परिस्थितीची पाहणी, करते आणि 'कारा'च्या कारिंग्ज पोर्टलवर नोंदणी होते. प्राधान्याच्या बाबतीत अनिवासी भारतीयांना इथल्या पालकांच्या बरोबरीने धरतात. ८ वर्षांवरच्या मुलासाठी नवरा-बायकोच्या वयांची बेरीज ११० च्या आत हवी, ४ ते ८ वर्षांच्या मुलासाठी १०० च्या आत. एक गोष्ट मात्र सगळ्यात आधी तपासा. अमेरिकेचा दत्तक मुलांचा नेहमीचा रस्ता, म्हणजे आय-८०० चे अर्ज, दोघांपैकी निदान एक जण अमेरिकन नागरिक असेल तरच खुला असतो. एच-१बी किंवा ग्रीन कार्डवर असाल तर मुलांच्या व्हिसाबद्दल वकिलाशी आधी बोला. दत्तक आदेश हातात आहे आणि मुलं नेता येत नाहीत, ही वेळ फार वाईट.

तान्ह्या बाळासाठी पालकांची लांबच लांब रांग असते. आठ-दहा वर्षांच्या भावंडांसाठी ती नसते, तिथे मुलंच वाट बघत असतात.

आता भेट. ती होते मुलांचा अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय अहवाल तुमच्या हातात आल्यावर, वेळ ठरवून, संस्थेच्या समाजसेविका ताईंसमोर. आमची दत्तक मुलं विदर्भातल्या एका बालगृहात होती. आम्ही फाटकातून आत शिरलो तशी अंगणातली सगळी पोरं आपणहून रांगेत बसली आणि हात जोडून प्रार्थना म्हणायला लागली. अधीक्षिका मॅडम ओशाळल्या. पोरांना वाटलं होतं, वाढदिवसवाले आले. दर चार दिवसांनी कुणी ना कुणी केक नाहीतर जिलेबी घेऊन येतं, कुणी वडिलांच्या वर्षश्राद्धाचं जेवण देतं, मुलांबरोबर फोटो काढतं आणि जातं. चांगल्या कपड्यातलं जोडपं म्हणजे गोड मिळणार आणि परत दिसणार नाही, हे त्यांना पाठ असतं. (आपण सगळ्यांनीच कधी ना कधी हे केलंय, म्हणून जास्त बोलत नाही.)

त्यामुळे पहिल्या दिवशी खेळणी, चॉकलेटं काही नेऊ नका. दुसऱ्या दिवशी परत जा, तिसऱ्या दिवशीही. खरी भेट दुसऱ्या दिवसापासून सुरू होते, कारण वाढदिवसवाले दुसऱ्या दिवशी येत नाहीत.

आमचा धाकटा लगेच ह्यांच्याबरोबर कॅरमला बसला. मोठी माझ्या प्रश्नांना नुसती मान हलवत होती. जेवणाच्या वेळी मी तिच्या शेजारी बसले. स्टीलचं खणांचं ताट, वरण-भात, वांग्याची भाजी. तिने आपला अर्धा भात बोटांनी भावाच्या ताटात सरकवला आणि त्याचं होईपर्यंत घास घेतला नाही. तो हात धुवायला उठल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाली, "दोघायले नेता ना?"

घर केवढं, शाळा कशी, अमेरिका कुठे आहे, यातलं काही नाही. तिला एवढंच हवं होतं. भावंडं घेणार असाल तर हे पक्कं धरून चाला की मोठीला तुमची आई-बाबा म्हणून लगेच गरज नसते, तिथे आईचं काम तीच करत असते. "आता तू काळजी करू नकोस, मी आहे ना" हे वाक्य अजिबात बोलू नका. तिच्या हातातलं काम काढून घेतल्यासारखं होतं. धाकट्याच्या आवडीनिवडी तिलाच विचारा, तो रात्री घाबरतो का, काय खात नाही, सगळं. आमची खुलली ती या प्रश्नांवर.

सोबत फोटोंचा अल्बम न्या, मोबाइलवरचा नको, कागदावरचा, कारण तुम्ही गेल्यावरही तो त्यांच्यापाशी राहतो. घराचं दार, त्यांची खोली, बर्फ, आजी-आजोबा असं साधं असू द्या. डिस्नेलँड नको. तुम्ही उलट मुलांचे फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका, बालगृहातल्या मुलाची ओळख उघड करायला कायद्याने मनाई आहे.

मुलांना सांभाळणाऱ्या मावशींशी निवांत बोला. अहवालात वजन-उंची असते. उशीखाली बिस्किटं कोण लपवतं, कुणाला झोपताना दिवा लागतो, हे मावशी सांगतात. मुलांचं कुणी नातेवाईक भेटायला यायचं का, त्यांना काय आठवतं, हे ताईंना विचारा, मुलांना नको. कळत्या वयाच्या मुलाची संमती घेतली जाते आणि ते नाहीही म्हणू शकतं. म्हणूनच कागद पूर्ण होण्याआधी "आम्ही तुझे आई-बाबा" म्हणून मोकळे होऊ नका. 'कारा'चं ना-हरकत प्रमाणपत्र आणि जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश अजून बाकी असतो (२०२२ पासून दत्तक आदेश न्यायालयाऐवजी तेच देतात).

आणि सगळ्यात अवघड भाग: बाकीची मुलं. बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा दोन दिवस आमच्या चपला नीट लावून ठेवत होता. तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं, अजून एकासाठी जागा आहे का. याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. इतर मुलांसमोर आपल्या दोघांना जवळ घेत बसू नका, एवढंच सांगेन.

घरी आल्यावर पहिली दोन वर्षं एजन्सीचे लोक चौकशीला येतात, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी. त्याचा त्रास मानू नका, आमच्या मोठीने पहिल्यांदा तक्रार केली ती त्यांच्याकडेच, माझ्या भाजीची.

डिसेंबरची भारतवारी वाया घालवू नका मात्र. आश्रमाऐवजी दोन्हीकडच्या आजी-आजोबांपाशी बसा. "कोणाची असतील, जात कुठली" हे विचारलं जाणार आहेच. ते या डिसेंबरात, मुलं समोर नसताना विचारून होऊ दे.