शिथिल, सैल आणि सढळ

प्रश्न असा आला आहे : ‘शेतीविस्तारासाठी पाणलोट जागांच्या संरक्षणाचे नियम शिथिल’ असे वाचले. इथे ‘सैल’ का नको? ‘शिथिल’ उगाच जड वाटतो.

त्याआधी ते ‘पाणलोट’ खोडा. ही चूक ऐकून ऐकून कान किटले आहेत. लोट म्हणजे वाहून येणारा जोर; पाणी ज्या उतारांवरून एका ओढ्याकडे, नदीकडे धावते ते पाणलोट क्षेत्र. पाणी जिथे मुरते, रेंगाळते ती जागा पाणथळ. एकात पाणी पळते, दुसऱ्यात बसते. पाणकोंबडी बसलेल्या पाण्यात राहते आणि पाणकणीसही तिथेच उगवते. ‘दलदल’ हा पाणथळीचा एक प्रकार झाला, पर्याय नव्हे. पाणथळ जागांच्या संरक्षणासाठी झालेल्या १९७१च्या आंतरराष्ट्रीय रामसर कराराची व्याख्या तर कायमची-तात्पुरती, नैसर्गिक-कृत्रिम, गोडी-खारी, सगळी पाणथळ पोटात घेते. भातखाचरेसुद्धा त्यातच येतात!

‘थळ’ म्हणजे स्थल. जल-स्थल या जोडीत स्थल म्हणजे कोरडी बाजू. पाणथळ या शब्दात दोघे एकाच घरात नांदतात, आणि भांडणही तिथेच सुरू होते : शेतीवाल्याला त्यातले थळ दिसते, बगळ्याला पाण.

आता ‘शिथिल’. नियम हा शब्द ‘यम्’ धातूपासून आला. यम् म्हणजे आवरून धरणे. लगाम धरणारा सारथी तो यंता. तेव्हा नियम शिथिल करणे म्हणजे मुळात लगाम सोडणे. रूपक चपखल आहे, जड म्हणून त्याला हाकलू नका. ऋग्वेदात हाच शब्द ‘शिथिर’ असा येतो, पुढे र चा ल झाला. पण खरी गंमत प्राकृतात आहे. जैन पंडित हेमचंद्राने १२व्या शतकातल्या आपल्या व्याकरणात शिथिलची ‘सिढिल’ आणि ‘सढिल’ अशी दोन रूपे दिली आहेत. यातला सढिल म्हणजे आपला सढळ! सढळ हात म्हणजे मूठ सैल सुटलेला हात. दातृत्वाचा अर्थ मागाहून चिकटला.

माझ्या मते पतंगाची ‘ढील’ आणि ‘ढिला’ही याच घराण्यातले, सिढिलचे पहिले अक्षर गळाले, इतकेच. ढिला हा स्वतंत्र देशी, म्हणजे संस्कृतातून न आलेला, शब्द मानणारे अभ्यासक आहेत. अर्थ तोच, ध्वनी तेच, तरी नाते नाही म्हणायचे, तर मग व्युत्पत्ती करायचीच कशाला? जे सुटत नाही ते देशीच्या पोत्यात टाकायचे, ही सवय जुनी आहे.

म्हणजे नियम शिथिल करणारा आणि सढळ हाताने जमीन वाटणारा, दोघे एकाच शब्दाचे वारस. पाणथळीच्या बाबतीत ही ढील बहुधा उघडपणे दिली जात नाही, व्याख्येतून दिली जाते. काही महिने कोरडी दिसणारी जागा व्याख्येबाहेर काढली की बंदी मोडावीच लागत नाही. चर खणले, निचरा केला, नांगर फिरला, झाले शेत. निचऱ्याचा हिशेब मात्र पुढे लागतो. शेकडो वर्षे पाण्याखाली साठलेली काळी, कुजकट पीट माती उघडी पडली की हवेतल्या ऑक्सिजनने हळूहळू जळते. तिच्यातला कार्बन वर जातो आणि जमीन खाली बसते. मग तेच शेत कोरडे ठेवायला पंप लावतात! अशा पीट जमिनी जगाच्या भूभागाच्या जेमतेम ३ टक्के आहेत, आणि ‘नुसता चिखल’ म्हणून नांगरल्या जातात त्याच.

‘पडीक पाणथळ’ असेही अलीकडे वाचले. पडीक ती, जी नांगरायची सोडून दिली. जी कधी नांगरलीच नाही ती पडीक कशी?

हां, ‘सैल’. बोलताना खुशाल म्हणा. बातमीत मात्र शिथिलच लिहा, आणि पुढे ‘पाणथळ’.