भेटीच्या शनिवारी पोट दुखतं

"दुसरा आणि चौथा शनिवार आला की ईशानचं पोट दुखायला लागतं. त्याच्या बाबांकडे नक्कीच काहीतरी होत असणार. पाठवणं बंद करू का?"

थोड्याफार फरकाने हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. शुभदाने विचारला तेव्हा ईशान सहा वर्षांचा होता (दोन्ही नावं बदलली आहेत). घटस्फोटाचा दावा चालू, ताबा आईकडे, वडिलांना महिन्यातून दोन शनिवार.

मारहाणीची, व्यसनाची किंवा लैंगिक त्रासाची शंका असेल, तर आधी तिचा छडा लावायचा आणि तोवर भेट देखरेखीखालीच ठेवण्याची मागणी कोर्टाकडे करायची. मी ईशानशी दोन-तीनदा एकटीने बोलले. बाबांकडच्या कॅरमबद्दल, करपलेल्या डोशांबद्दल तो भरभरून सांगत होता. मग मी शुभदाला विचारलं, "बाबांकडे सोपवता कुठे?"

"सोसायटीच्या गेटवर. मी खाली जात नाही, माझी आई नेते."

त्या गेटवर काय चालायचं ते हळूहळू बाहेर आलं. आजी जावयाला पोटगीवरून ऐकवायच्या, तो "कोर्टात दाखवतो" म्हणत मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करायचा आणि मध्ये दप्तर घेऊन पोरगा उभा. वॉचमनही बघायचा. पोट दुखायचं ते या पाच मिनिटांच्या धास्तीने.

अशा वेळी जागा बदलावी. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कौटुंबिक न्यायालयात अशा भेटींसाठी चिल्ड्रन्स कॉम्प्लेक्स आहे. ब्रिटनमध्ये तर 'कॉन्टॅक्ट सेंटर' असतात, बरीचशी चर्चच्या किंवा वस्तीच्या हॉलमध्ये स्वयंसेवकांनी चालवलेली. आपल्याकडे कोर्टाबाहेर अशी जागा ज्याची त्याला शोधावी लागते आणि लोक मॉल गाठतात. मला मॉल अजिबात पसंत नाही. गोंगाटात बोलणं होत नाही, भेट खरेदीवर येते आणि मग 'बाबा लाड करतात, आई अभ्यास घेते' हे नवं भांडण.

इथे एका वाचनालयाचा बालविभाग ठरला. तिथल्या ताई दोघांनाही अनोळखी, ईशानला मात्र गोष्टींच्या तासामुळे ओळखीच्या. दोन्ही वकिलांनी पुरसीस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन, देऊन जागा, वेळ आणि कोण आणणार हे कोर्टात नोंदवून घेतलं. शुभदाने पंधरा मिनिटं आधी येऊन त्याला ताईंकडे सोपवायचं आणि निघायचं, बाबांनी नंतर यायचं. शूटिंग नाही. घरी आल्यावर "काय म्हणाले बाबा?" ही उलटतपासणीही नाही. हे शेवटचं शुभदाला सगळ्यात जड गेलं.

पहिल्या दोन शनिवारी पोट दुखलंच. बाबा कुरकुरले, "माझ्याच मुलाला मी वाचनालयात भेटायचं?" ते खोटं नव्हतं. अशी जागा कायमची नसावी, म्हणून सहा महिन्यांनी पुन्हा बसायचं आधीच ठरवलं होतं. तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत दोन रात्री बाबांकडे राहण्यावर दोघं राजी झाली. ने-आण मात्र वाचनालयातूनच चालू ठेवली.

राहिला शुभदाचा मूळ प्रश्न. कोर्टाचा आदेश असताना भेट परस्पर बंद करू नका. तो आदेशभंग ठरू शकतो. जागा किंवा वेळ बदलण्यासाठी अर्ज करता येतो. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्यानुसार मुलाचं हित सर्वात वरचं, त्यामुळे अर्जात नवऱ्याच्या तक्रारींची यादी देण्यापेक्षा मुलाला गेटवर काय सोसावं लागतं ते लिहा.